ओसाड म्हणजे कुणाविना?

मराठीत पडक्या वास्तूंवर लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. लेखक सकाळच्या एस.टी.ने निघतो, फाट्यावर उतरतो, झाडोऱ्यातून वाट काढतो आणि 'गतवैभवाची साक्ष देणारे' अवशेष त्याच्यापुढे उभे ठाकतात. वाटेत एक गुराखी भेटतो. त्याला नाव नसते. मग लेखक एखाद्या भग्न खांबाला टेकून बसतो, त्याच्या कानांत नौबती आणि राण्यांचे पैंजण घुमू लागतात, आणि अखेरीस भानावर येऊन तो एक वाक्य लिहितो. शब्दांचा थोडाफार फरक सोडला तर ते वाक्य असे असते: जेथे एके काळी राजे नांदले तेथे आता फक्त घुबडे आणि वटवाघळे राहतात, सारे ओसाड आहे.

आमचे भांडण या वाक्याशी आहे. गाव ओस पडले म्हणजे त्यातील वस्ती उठली, असा या शब्दाचा मराठीतील सरळ अर्थ. मग ज्या जागी कुणीतरी 'राहतात' असे आपण त्याच वाक्यात सांगतो, ती जागा ओसाड कशी? हा विरोध लेखकाच्या लक्षात येत नाही, याचे कारण मधले 'फक्त' हे छोटेसे अव्यय. ते त्या घुबडांना वस्तीच्या हिशेबातून वगळते. हिशेबातून आधी वगळायचे आणि मग बाकी शून्य उरली म्हणून उसासा टाकायचा, अशी ही रीत आहे. आम्हांस ती केवळ शैलीची ढिलाई वाटत नाही. ही वाचनातली चूक आहे. आणि वाचनातल्या चुकीची किंमत कधीकधी वाचणाऱ्याला मोजावी लागत नाही, दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते. ती कशी, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख.

आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीकडचे. आमच्यात साहित्य शिकविणारे आहेत, शिकणारे आहेत, आणि गळ्यात दुर्बीण अडकवून भल्या पहाटे घराबाहेर पडणारेही आहेत. आमच्या भागात पडक्या वास्तूंना तोटा नाही. चंद्रपूरचा तट, बल्लारपूरचा वर्धेकाठचा किल्ला, गडचांदूरजवळचा माणिकगड, 'आईन-ए-अकबरी'त हिऱ्यांच्या खाणीसाठी ज्याचे नाव आले तो वैरागड, भद्रावतीची विजासन लेणी, आणि वैनगंगेच्या काठचा मार्कंडा. यांपैकी प्रत्येक ठिकाणी पक्षी पाहण्यात आम्ही बऱ्याच सकाळी घालविल्या आहेत. त्या सकाळींनी आम्हांला जे शिकविले ते आमच्या भाषेच्या निबंधांनी शिकविले नाही, ही खंत या लेखामागे आहे.

मार्कंड्याचेच उदाहरण घेऊ. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा जेथे उत्तरेकडे वळते, तेथे साधारण अकराव्या-बाराव्या शतकातील देवळांचा हा समूह उभा आहे. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७०च्या दशकातील आपल्या मध्य प्रांताच्या दौऱ्यात त्याची पाहणी केली, मापे घेतली. तेव्हापासून आजतागायत त्यावर जे काही मराठीत लिहिले गेले, त्यातील बहुतेक लेखनास 'विदर्भाचे खजुराहो' याहून वेगळे शीर्षक सुचलेले नाही. ज्या स्थळाला स्वतःचे नाव आहे, पुराण आहे, महाशिवरात्रीला दूरदूरच्या गावांतून माणसे लोटतात अशी जत्रा आहे, त्याला ओळख मात्र शेकडो कोसांवरच्या दुसऱ्या स्थळाची द्यावी लागते. उपमा देणाऱ्याने मार्कंडा पाहिलेलाच नसतो, किंवा पाहताना मनात खजुराहो ठेवलेले असते.

हिवाळ्यात सूर्य उगवण्याच्या सुमारास तेथे जाऊन उभे राहावे. नदीच्या वाळूवर टिटवी ओरडत असते. पाण्यावरून नदी सुरय जातो, त्याची पिवळी चोच उन्हात उजळते. देवळाच्या भिंतीवरल्या थरांच्या बेचक्यांत साळुंक्या आणि पोपट जागेसाठी भांडत असतात. छताच्या आतल्या अंगाला पाकोळ्यांची पिसे-काड्यांची घरटी एकमेकांना चिकटून असतात, आणि त्यांची ये-जा इतकी अखंड चालते की वरचे कोरीव कमळ नीट न्याहाळायचे तर त्यांच्या फेऱ्यांमधला क्षण साधावा लागतो. खाली फरसबंदीवर चिरक शेपटी उभारून किडे टिपत असतो. हे सारे त्या शिल्पाच्या अवतीभवती नव्हे, शिल्पाच्या अंगावर चाललेले आहे. सुंदरीच्या कोपराचा आधार, हत्तीच्या थराची कड, पुसट झालेल्या देवतेच्या मस्तकामागची खोबण, यांतील प्रत्येक जागा कुणीतरी हेरून, भांडून मिळविलेली आहे. कारागिराने दगडात जितकी खोली कोरली, तितकी निवाऱ्याची जागा निर्माण झाली. सपाट भिंत पाकोळीच्या कामाची नाही. कोरीव भिंतीचा दुसरा वाचक असतो तो हा.

यावर कुणी म्हणेल की घुबडाला अशुभ मानणे ही आपली परंपराच आहे, बिचाऱ्या निबंधकाराला दोष का? परंपरेची ही ढाल आम्हांस मान्य नाही. महाभारताच्या सौप्तिकपर्वात वटवृक्षाखाली जागा असलेला अश्वत्थामा घुबडाला निजलेल्या कावळ्यांचा संहार करताना पाहतो, आणि त्यापासून आपला भयंकर बेत शिकतो. तेथे घुबड हे ओसाडीचे लक्षण नाही. ते रात्रीचे एक सामर्थ्य आहे. पंचतंत्राचे अख्खे तिसरे तंत्र काकोलूकीय आहे, आणि त्यात उलूकांना राजा आहे, मंत्री आहेत, राजनीती आहे. आपल्या लोकपरंपरेत तर पहाट होण्याआधी दारोदार येऊन भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्याचेच नाव पिंगळा. पिंगळा पक्ष्याची बोली ज्याला कळते तो, अशी त्याच्याविषयीची धारणा. अशुभाची भीती या परंपरेत आहेच, ती आम्ही नाकारीत नाही; पण भीतीबरोबर एक कबुलीही आहे, की हा पक्षी काहीतरी जाणतो आणि त्याचे बोलणे ऐकले पाहिजे. आधुनिक निबंधाने भीती तेवढी ठेवली, कबुली टाकून दिली.

याच पिंगळ्याच्या शास्त्रीय नावातील पहिला शब्द 'अथीनी' असा आहे. अथेन्सच्या देवतेचे ते नाव. पिंगळ्याचा सख्खा भाऊ शोभेल असा भूमध्य प्रदेशातील छोटा पिंगळा अथेन्सच्या प्राचीन नाण्यांवर छापला गेला आणि पाश्चात्य जगात ज्ञानाचे चिन्ह झाला. अथेन्सच्या टेकड्यांवर, पडक्या दगडांत, तो आजही दिसतो. तेथील पडझड आमच्या पडझडीपेक्षा जुनी. पण त्या भिंतीतला पक्षी तेथे बुद्धिमान, आणि आमच्या भिंतीतला त्याचा भाऊ अवकळेचा दूत. पक्ष्यात फरक नाही. दोन्हीकडे भिंतीत भोक आहे, भोकात घरटे आहे, सांज झाली की बाहेर येऊन माना वेळावणारे दोन पिवळे डोळे आहेत. फरक वाचणाऱ्यात आहे. आणि केवळ गौरवाने पक्ष्याचे भले होते असेही नाही. नाण्यावर कोरलेला पक्षी हासुद्धा एक प्रकारे भिंतीतून हुसकलेलाच असतो. आम्हांला पिंगळ्याचा जयजयकार नको आहे; तो तेथे राहतो, एवढी साधी नोंद हवी आहे.

येथवर दोष निबंधकाराचा झाला. आता आमच्याच दुसऱ्या बिरादरीकडे वळतो, कारण पक्षिनिरीक्षक म्हणविणाऱ्यांनी याहून बरे वर्तन केले आहे असे आम्हांस प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. ताडोब्याच्या जंगलात मोहर्लीकडून तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने गोंडकालीन म्हणून ओळखले जाणारे दगडी खांब ठरावीक अंतरावर उभे आहेत. नीलकंठाला बसण्यास याहून चांगली जागा नाही: उंची बेताची, समोर मोकळे गवत, टोळ उडाला की झडप. त्या खांबावरल्या नीलकंठाची छायाचित्रे आम्ही शेकड्यांनी पाहिली असतील. जवळजवळ प्रत्येकात खांब कापलेला असतो. पक्षी चौकटभर, पिसाचा तंतू न् तंतू स्पष्ट, आणि खाली दगडाचा एक करडा तुकडा. उलट, वारसाप्रेमींच्या छायाचित्रांत खांब पूर्ण असतो आणि वर पक्षी नसतो. तो उडून जाईपर्यंत छायाचित्रकार थांबलेला असतो. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर आपली विद्या कशी वाटली गेली आहे ते दिसते. एकाला दगड अडचण वाटतो, दुसऱ्याला पक्षी.

आणि या दोन्ही चित्रांत जे येत नाही ते असे. चांद्याच्या गोंड राजघराण्यातील शेवटच्या सत्ताधारी राजाचे नाव नीलकंठशहा होते. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी त्याला कैद केले आणि चांद्याचे गोंडराज्य संपले. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानावे त्या पक्ष्याचे नाव आणि गमावलेल्या राज्याच्या शेवटच्या धन्याचे नाव एकच, आणि तो पक्षी त्याच राज्याच्या खांबावर रोज सकाळी येऊन बसतो. ही योगायोगाची गोष्ट आहे. तीतून आम्हांला कोणताही गूढार्थ काढावयाचा नाही. पण खांब कापणाऱ्याला आणि पक्षी उडण्याची वाट पाहणाऱ्याला हा योगायोगसुद्धा दिसणे शक्य नाही, एवढेच आमचे म्हणणे.

'आता तेथे कुणी नाही' हे विधान किती जपून करावे, याचा एक धडा पक्षिशास्त्रानेच महाराष्ट्रात शिकला आहे. रानपिंगळा हा पिंगळ्याच्याच नात्यातला पक्षी. आजच्या छत्तीसगडच्या भागात १८७२ साली त्याचा पहिला नमुना मिळाला, पुढल्या वर्षी ह्यूमने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १८८४नंतर त्याचा खात्रीलायक नमुना कुणाला मिळाला नाही आणि तो नामशेष झाला असावा असे बहुतेकांनी धरून चालले. मध्ये १९१४ सालची, गुजरातेतील एक नोंद तेवढी होती. ती रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित इंग्रज संग्राहकाची. पुढे पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयांतील नमुने तपासून दाखविले, की हा नमुना मुळात दुसऱ्याने खानदेशात मिळविलेला, चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला होता. ती खोटी चिठ्ठी बाजूला सारून जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणी शोध घेतला गेला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा एका झाडावर भरदिवसा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षे तो तेथेच होता. नामशेष झालेला होता तो त्याच्याविषयीचा खरा पाठ.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही कथा परकी वाटू नये. हस्तलिखितांतील प्रक्षिप्त ओळ ओळखणे, पाठ पडताळणे, लेखनिकाच्या चुकीतून मूळ वाचन शोधणे हा आपल्या विद्येचा कणा. रानपिंगळ्याचा शोध ही पाठचिकित्साच होती. मग आमचा प्रश्न असा, की जी चिकित्सा आपण ज्ञानेश्वरीच्या प्रतींना लावतो, ती आपल्याच निबंधांतील 'ओसाड' या चिठ्ठीला का लावीत नाही? ही चिठ्ठीही कुणीतरी एकदा लावली, पुढच्यांनी ती न पडताळता उतरवून घेतली. उतरवून घेणाऱ्यांत पाठ्यपुस्तकेही आली, आणि आम्हीही आलो. आमच्या वर्गात किल्ल्यावरचा निबंध लिहावयास सांगितला की बहुतेक वह्यांत घुबड येते आणि ते 'फक्त' घेऊनच येते. त्यांतील अनेक मुलांच्या घराच्या आढ्यालाच पिंगळा असतो.

आता किमतीचा हिशेब.

आमच्या परिचयाच्या एका जुन्या बुरुजात, जमिनीपासून दीड पुरुष उंचीवर एक भोक होते. त्यात गव्हाणी घुबडाची जोडी नांदत असे. बुरुजाखाली पडलेल्या त्यांच्या उलटीच्या गोळ्या आम्ही विद्यार्थ्यांसमवेत फोडून पाहिल्या होत्या. आत उंदरांच्या कवट्या, इवल्याशा, एकीत एक. भोवतालच्या धानाच्या बांध्यांतले उंदीर कोण खाते हे शिकविण्यास याहून सोपे साधन नाही. एका वर्षी डागडुजीचे काम निघाले. काम निगुतीने झाले, दगड नीट बसविले गेले, आणि भोकही बुजविले गेले. आम्ही गवंड्यास विचारले तेव्हा तो म्हणाला, "आत साप फुसफुसत होता जी, म्हणून बुजवला." गव्हाणी घुबडाची पिल्ले भ्याली की सापासारखी फुसफुसतात. गवंडी खोटे बोलत नव्हता. त्याला आत काय आहे हे सांगणारा कुणी तेथे नव्हता, आणि ज्यांचे ते सांगण्याचे काम होते त्या आम्ही लोकांनी त्या बुरुजावर आजवर लिहिले ते 'ओसाड' एवढेच. त्या ठिकाणाचे नाव आम्ही लिहीत नाही. असे भोक प्रत्येक तालुक्यात असेल.

या देशात दगडासाठी कायदा आहे: प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळांचा, १९५८ सालचा. पक्ष्यांसाठीही कायदा आहे: वन्यजीव संरक्षणाचा, १९७२ सालचा, आणि त्यात शिकारीच्या व्याख्येतच अंडी व घरटी विस्कटणे येते. म्हणजे त्या बुरुजाचा दगड एका कायद्याने राखलेला आणि त्या दगडातले घरटे दुसऱ्या कायद्याने. दोन्ही कायदे एकाच भिंतीवर उभे राहून एकमेकांकडे पाठ करून आहेत. मार्कंड्याच्या मुख्य देवळाचे दगड उतरवून पुन्हा रचण्याचे अवघड काम अलीकडच्या वर्षांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने हाती घेतले. अशा कामांत प्रत्येक दगडाची जागा टिपून ठेवावी लागते, आणि ते योग्यच आहे. दगडाच्या जागेबरोबर त्या दगडामागे राहणाऱ्याची जागा टिपण्याची पद्धत जुन्या वास्तूंच्या प्रत्येक डागडुजीत असावी, एवढेच आमचे मागणे आहे.

आमच्यावर येणारा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे: पाखरांसाठी देवळे पडू द्यावयाची काय? नाही. भिंतीत रुजलेला पिंपळ भिंत फोडतो हे सत्य आहे, आणि तो पिंपळ तेथे पेरतो तो पक्षीच, हेही सत्य आहे. विष्ठेने दगडाची हानी होते. चंद्रपूरच्या तटावरील झाडोरा २०१७ पासून तरुणांनी वर्षानुवर्षे श्रमदान करून काढला. तो काढला नसता तर सुमारे अकरा किलोमीटरच्या त्या तटाची आणखी पडझड झाली असती. त्या कामाविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण सांभाळणे आणि निपटून काढणे यांत अंतर आहे. रोमच्या कलोसियमवर वाढणाऱ्या वनस्पतींची यादी रिचर्ड डीकिन या इंग्रज वैद्याने १८५५ साली प्रसिद्ध केली होती. एका पडक्या वास्तूवर ४२० जातींच्या वनस्पती. पुढे १८७०नंतर पुरातत्त्वज्ञांनी ती वास्तू खरवडून स्वच्छ केली. दगड वाचला असेल. पण ते रान तेथे कधी होते, हे सांगण्यास डीकिनचे पुस्तकच उरले. आमच्या वास्तूंना तर कुणी डीकिनही भेटलेला नाही.

दुसरे उदाहरण स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांताचे. तेथल्या जुन्या नगरांतील चर्चांच्या आणि वाड्यांच्या कौलांखाली छोटा खरुची हा ससाण्याच्या जातीचा पक्षी वसाहत करून वीण घालतो. जुनी छपरे दुरुस्त होऊ लागली तशी त्याची घरे बुजू लागली, संख्या घसरू लागली. मग तेथल्या लोकांनी काय केले? दुरुस्ती थांबविली नाही. दुरुस्त छपरांत आणि भिंतींत घरट्यांसाठी पोकळ्या राखल्या, आणि काही नगरांतील जुन्या इमारतींनाच पक्ष्यांसाठी संरक्षित क्षेत्राचा दर्जा दिला. ज्या भिंतीच्या बळकटीशी एखाद्या भोकाचा संबंध नाही, ते भोक ठेवण्यास खर्च लागत नाही. ते भोक कुणाचे तरी आहे हे ठाऊक असावे लागते, आणि काम विणीच्या महिन्यांनंतर काढावे लागते.

येथे वाचक विचारील, की एका शब्दाने एवढे होते काय? शब्दाने भोक बुजत नाही, गवंड्याच्या थापीने बुजते, हे आम्हांस मान्य. परंतु शब्दाने वाचक घडतो, आणि वाचकच पुढे अधिकारी, अभियंता, शिक्षक, पत्रकार होतो. 'ओसाड' या शब्दाचा महसुली दफ्तरातला भाऊ 'पडीक'. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडाच्या डोंगरावर गडाचे अवशेष आहेत, ठाकूरदेवाचे ठाणे आहे, जानेवारीत आसपासच्या गावांतील माडिया-गोंडांची तेथे यात्रा भरते. आज तेथे लोहखनिजाचे उत्खनन चालते. खाण असावी की नसावी हा वाद या लेखाच्या आवाक्याबाहेरचा. पण ज्या वाचकाला पडक्या गडावर कुणी राहत नाही असे लहानपणापासून शिकविले गेले, त्याला त्या डोंगरावर काही हलले तर काय हलले हे कळणार कसे? निबंधातला निनावी गुराखी आणि निबंधातले 'फक्त' घुबड यांची गत सारखीच आहे. दोघेही तेथे राहतात, आणि दोघेही लेखकाच्या एकांतात व्यत्यय आणणार नाहीत एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असते. गोंडांच्या राज्याविषयी 'काळाच्या उदरात गडप झाले' असे लिहिणारा लेखक गोंड माणसालाच वाट विचारीत तेथवर पोहोचलेला असतो.

भाषेत याहून वेगळे करता येते, हे दाखविणारा माणूस आपल्यात होऊन गेला. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. वनखात्याच्या नोकरीनिमित्त त्यांचे आयुष्य विदर्भाच्या जंगलांत गेले. २००६ साली सोलापूरला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जून २०२५ मध्ये ते निवर्तले. त्यांनी 'पक्षिकोश' सिद्ध केला, रानातल्या माणसांकडून शब्द वेचले, आणि जेथे शब्द नव्हता तेथे घडविला. कावळ्यांच्या वीणवसाहतीस काकागार, बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीस सारंगागार. 'अगार' म्हणजे घर. ज्या भाषेने कावळ्यांना घर दिले तिला देवळाच्या थरांतल्या पाकोळ्यांसाठी आणि तटातल्या पिंगळ्यासाठी शब्द सुचू नये? चितमपल्लींच्या निधनानंतर त्यांना 'अरण्यऋषी' म्हणून वाहिलेल्या श्रद्धांजल्या आम्ही पुष्कळ वाचल्या. ऋषी ठरविले की अनुकरणाची जबाबदारी संपते. ते ऋषी नव्हते. मेहनती कोशकार होते, आणि कोशाचे काम पुढे चालविता येते.

हेही लक्षात घ्यावे, की उशीर फार महाग पडतो. गिधाड हे आपल्या अग्रलेखांचे आवडते शिवीवाचक रूपक. मेलेल्यावर तुटून पडणारे कोण, तर गिधाडे. ज्या काळात हे रूपक जोरात चालले होते, त्याच काळात खरी गिधाडे आकाशातून नाहीशी होत होती. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने ती मरतात हे २००४ साली सिद्ध झाले, २००६ साली भारतात त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर बहुतेक गिधाडे गेली होती. २०२४ साली हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पुठ्ठ्याची दहा गिधाडे ताडोब्यात आणावी लागली. ज्या जटायूचे आख्यान आपण वाचतो, त्याचे वंशज पिंजऱ्यातून आणून सोडण्याची वेळ आपल्यावर आली. मरणाऱ्या पक्ष्याचे रूपक करण्यात गुंतलेली भाषा त्याचे मरण पाहत नाही, हे आपण एकदा अनुभवले आहे. पिंगळ्याच्या आणि गव्हाणी घुबडाच्या बाबतीत ते पुन्हा अनुभवण्याची गरज नाही; ते अजून भिंतीत आहेत.

तेव्हा या पानांवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या मित्रांस आमची विनंती साधी आहे. यापुढे कुणी पडक्या वास्तूवर लिहील, त्याने तेथे निदान एक सकाळ आणि एक सांज बसावे, आणि कोण कोणत्या भोकातून बाहेर येते हे लिहावे. वाट दाखविणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहावे, आणि त्या पक्ष्याला तो कोणत्या नावाने ओळखतो तेही लिहावे. शिक्षकांनी किल्ल्यावरच्या निबंधात 'फक्त घुबडे' आढळल्यास लाल शाईने विचारावे: किती, कोणती, कोठे? विद्यार्थी चिडतील, एखादा परत जाऊन पाहील. असे लेख दहा-वीस वर्षे साठत गेले तर डागडुजीस येणाऱ्या माणसाच्या हाती द्यावयास आपल्याजवळ काही असेल. आज काहीच नाही.

त्या बुरुजाखाली आम्ही अजून जातो. बुजविलेल्या भोकाचा चुना भोवतालच्या दगडांपेक्षा उजळ आहे, म्हणून जागा लांबूनही ओळखू येते. त्या एवढ्या वीतभर जागेपुरता आमचा तो बुरुज आता खरोखरच ओसाड आहे.